शेगाव आणि सेवाग्राम : एका रचलेल्या नावाची मीमांसा

नावांची व्युत्पत्ती शोधण्याचे काम आमच्याकडे आजवर इतिहाससंशोधकांनी आणि कोशकारांनी केले. वाङ्मयसमीक्षकांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी स्थलनामांच्या पोटात शिरून जुन्या वसाहतींचा इतिहास बाहेर काढण्याचा प्रयत्न केला. कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ १९४६ साली प्रसिद्ध झाला आणि शब्दाचे मूळ पाहू इच्छिणाऱ्या सामान्य वाचकाचीही सोय झाली. परंतु या शोधांचा विषय बहुतांशी आपोआप घडलेली आणि आपोआप झिजलेली नावे हाच होय. जे नाव कोणा एका माणसाने हेतुपुरस्सर रचले, त्याला केवळ मूळ नसते. त्याला कर्ता असतो, रचना असते, अभिप्रेत अर्थ असतो. ज्याला कर्ता आणि रचना आहे ते एका शब्दाचे का होईना, वाङ्मयच आहे. आणि वाङ्मय म्हटले की त्याचे गुणदोष पाहणे प्राप्तच होते. आमच्या वर्धा जिल्ह्यातील ‘सेवाग्राम’ हे नाव या दृष्टीने कोणी तपासलेले आमच्या वाचनात नाही. तो प्रयत्न येथे करावयाचा आहे.

रचलेल्या नावाचे परीक्षण कोणत्या कसोटीने करावे, हा पहिला प्रश्न. त्यासाठी थोडा वेळ एका इंग्रज प्राध्यापकाच्या दारी जावे लागेल. जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३) हे ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राचीन इंग्रजी भाषेचे अध्यापक. ‘द हॉबिट’ (१९३७) आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४–५५) या त्यांच्या अद्भुत कथा जगभर वाचल्या गेल्या. परंतु त्यांचा खरा छंद कथालेखनाचा नव्हे, तर भाषा रचण्याचा होता. १९३१ सालच्या एका व्याख्यानात या छंदाला त्यांनी विनोदाने ‘गुप्त व्यसन’ असे म्हटले आहे. एल्फ या, आपल्या यक्षगंधर्वांच्या जवळपास येणाऱ्या, कल्पित जातीसाठी त्यांनी दोन प्रमुख भाषा रचल्या. ‘क्वेन्या’ची घडण फिनिश भाषेच्या नादावर आणि ‘सिंदारिन’ची वेल्श भाषेच्या नादावर. दोहोंचे मूळ एकच कल्पून, एका धातूपासून दोन भाषांत दोन रूपे कोणत्या वर्णविकारांनी झाली असतील, याचे नियमही त्यांनी बांधले. संस्कृतापासून मराठी आणि गुजराती कशा निघाल्या हे आपण शोधून काढतो. त्यांनी ते निर्माण केले.

त्यांच्या कथेतील एका राणीचे नाव ‘गालाद्रिएल’ असे आहे. तिच्या पित्याने तिचे नाव ‘आर्तानिस’ ठेवले होते, मातेने ‘नेर्वेन’. ‘गालाद्रिएल’ हे नाव मात्र तिच्या प्रियकराने तिच्या सोनेरी केशसंभारावरून दिलेल्या नावाचे सिंदारिन रूप होय. ‘तेजोमालेने मंडित कन्या’ हा त्याचा अर्थ. सिंदारिन भाषेत ‘गालाद’ म्हणजे तेज, आणि ‘गालाध’ म्हणजे वृक्ष. ही राणी पुढे एका वनप्रदेशात, वृक्षांवर वस्ती करणाऱ्या लोकांमध्ये राहू लागली. तेव्हा जुनी भाषा न जाणणाऱ्या दूरच्या लोकांनी तिच्या नावातील तेज विसरून त्यात वृक्ष पाहिला आणि ते ‘गालाध्रिएल’ असे उच्चारू लागले. ही हकीकत टॉल्किन यांच्या मृत्यूनंतर १९८० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अपूर्ण लेखनात आहे. येथे कर्त्याने केवळ नाव रचले नाही. त्या नावाचा लोकांकडून होणारा चुकीचा अर्थही रचला. नावाला जन्मसिद्ध अर्थ एक असतो आणि लोकांनी बहाल केलेला अर्थ दुसरा असतो, व दोहोंची गल्लत व्युत्पत्तिकाराने करू नये, हा धडा त्यातून मिळतो.

दुसरा धडा आम्हा वर्धेकरांना विशेष उपयोगी पडणारा आहे. टॉल्किन यांच्या देवमंडळात तारकांची एक सम्राज्ञी आहे. तिचे नाव ‘वार्दा’, म्हणजे उन्नत, उदात्त. हे नाव ऐकताच आमच्या जिल्ह्यातील कोणाही संस्कृतज्ञाला आपल्या ‘वरदा’ नदीची आठवण होईल. ‘मालविकाग्निमित्रा’त कालिदासाने विदर्भाचे दोन भाग करून त्यांच्यामध्ये सीमा म्हणून वाहती ठेवलेली नदी ती हीच. परंतु ‘वार्दा’ आणि ‘वरदा’ यांचे नाते कानापुरतेच आहे. नादसाम्य म्हणजे रक्तसंबंध नव्हे. आमच्या नदीचे नावही कालांतराने ‘वर्धा’ झाले आणि ‘वर देणारी’ हा अर्थ मागे पडून ‘वृध्’ धातूतील वाढीचा अर्थ त्यात ऐकू येऊ लागला. ‘द’चा ‘ध’ होताच अर्थ पालटावा, हा प्रकार टॉल्किनच्या कल्पित अरण्यात घडला तसा आमच्या काळ्या मातीतही घडला. त्या नदीवरून जिल्ह्याला नाव मिळाले, आणि पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी १८६६ साली वसविलेल्या शहरालाही. यात कोणी अर्थ योजून बदलला नाही. लोकांचे तोंड आणि लोकांचे कान यांनी मिळून तो बदलला.

सेवाग्रामची गोष्ट याहून वेगळी आहे. साबरमतीचा आश्रम १९३३ साली विसर्जित केल्यानंतर गांधीजी जमनालाल बजाज यांच्या आग्रहाने वर्ध्यास आले. प्रथम ते मगनवाडीत राहिले आणि १९३६ च्या एप्रिलअखेरीस वर्ध्यापासून सुमारे पाच मैलांवरील शेगाव या खेड्यात गेले. गाव लहान, वस्तीचा मोठा भाग अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींचा, मालगुजारी जमनालालजींची. गांधीजी तेथे राहू लागताच देशोदेशींची टपाल त्या खेड्याकडे वाहू लागली, आणि एक व्यावहारिक अडचण उत्पन्न झाली. बुलढाणा जिल्ह्यात दुसरे शेगाव आहे. गजानन महाराजांच्या समाधीमुळे ते प्रसिद्ध, आणि लोहमार्गावरचे स्थानक. पत्रे आणि तारा तिकडे जाऊ लागल्या. ही गैरसोय टाळण्यासाठी १९४० च्या मार्चात वर्ध्याजवळच्या शेगावचे नाव ‘सेवाग्राम’ असे करण्यात आले. एका मोठ्या नावाचा जन्म डाकेच्या घोटाळ्यातून झाला, ही गोष्ट काहींना उणेपणाची वाटेल. आम्हाला ती तशी वाटत नाही. निमित्त क्षुद्र असावे आणि कृती मोठी व्हावी, हे वाङ्मयातही नित्य घडते.

आता नावाची घडण पाहू. डाकेची अडचण दूर करण्यासाठी कोणतेही नाव चालले असते. एखाद्या देशभक्ताचे, देवतेचे, दात्याचे. ते मार्ग सोडून गांधीजींनी जुन्याच नावाचे ध्वनी हाती घेतले. ‘शे’चा ‘से’ केला, मध्ये ‘वा’ घातला, आणि ‘गाव’चा ‘ग्राम’ केला. ज्या पहिल्या अक्षराचा अर्थ बोलणाऱ्याला लागत नव्हता त्याला अर्थ आला, आणि तरीही जुने नाव नव्यातून ऐकू येत राहिले. अपरिचित अक्षरांना परिचित शब्दाशी जोडून घ्यावयाचे, ही लोकव्युत्पत्तीची रीत. लोक ती नकळत करतात. येथे ती जाणून-बुजून केलेली आहे.

परंतु भाषाशास्त्राच्या दृष्टीने यात आणखी एक गंमत आहे. संस्कृतातील सकार-शकारांचे मराठीत काय होते याचा नियम ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने मराठीवरील आपल्या ग्रंथात दाखविला आहे. ‘इ’, ‘ए’ या स्वरांपूर्वी ‘श’ येतो, अन्यत्र ‘स’. म्हणून सिंदूराचा शेंदूर झाला, सिक्थाचे शीत झाले, सीवनाची शिवण झाली. आणि उलट शुष्काचे सुके, श्वश्रूची सासू झाली. या नियमाप्रमाणे ‘शेगाव’ हे अस्सल मराठी मुखातून घडलेले रूप होय, आणि ‘सेवा’ हा शब्द मराठीत मुखातून न येता पोथीतून आलेला होय. तसेच उत्तरपदाचे. संस्कृत ‘ग्राम’ शतकानुशतके झिजून ‘गाव’ झाला, जसा ‘नाम’ झिजून ‘नाव’ झाला. ‘नाव’ आणि ‘गाव’ ही दोन भावंडे एकाच वाटेने चालत आली. गांधीजींनी त्यांपैकी एकाला हाताशी धरून पुन्हा उगमापाशी नेले. टॉल्किन यांनी आपल्या नव्या नावांना कृत्रिम झीज देऊन ती जुनी भासविली; गांधीजींनी झिजलेल्या नावाची झीज पुसून ते नवे केले. दोघांच्या हाती द्रव्य एकच, ध्वनिविकाराचे; परंतु त्यांच्या वाटा परस्परविरुद्ध दिशांनी गेल्या. पहिल्याला वाचकाच्या मनात प्राचीनतेचा भास उत्पन्न करावयाचा होता. दुसऱ्याला एका खेड्यापुढे, आणि त्याच्या मिषाने देशापुढे, उद्याचे कर्तव्य मांडावयाचे होते.

ही गांधीजींची एकदाची लहर नव्हे. त्यांची नामकरणाची पद्धतीच अशी होती. दक्षिण आफ्रिकेतील लढ्याला योग्य नाव मिळावे म्हणून त्यांनी ‘इंडियन ओपिनियन’ पत्रातून सूचना मागविल्या. मगनलाल गांधी यांनी ‘सदाग्रह’ हा शब्द सुचविला. गांधीजींनी त्यात थोडाच फेर करून १९०८ साली ‘सत्याग्रह’ हा शब्द रूढ केला. समोर आलेला ध्वनी टाकून द्यावयाचा नाही, त्यात अल्पात अल्प बदल करावयाचा, आणि त्या अल्प बदलाने अर्थ एकदम उजेडात आणावयाचा, हीच रीत ‘सदाग्रह’–‘सत्याग्रह’ आणि ‘शेगाव’–‘सेवाग्राम’ या दोन्ही जोड्यांत दिसते. त्याच मगनलालांचे नाव वर्ध्याच्या मगनवाडीला दिलेले आहे, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

विनोबांनीही ही विद्या उत्तम साधली होती. १९३८ साली ते पवनार येथे धाम नदीकाठच्या बंगल्यात राहावयास गेले. धाम नदीच्या पलीकडचे स्थान म्हणून त्याला त्यांनी ‘परंधाम’ हे नाव दिले. नदीपल्याड हा भूगोल आणि परमपद हे अध्यात्म, दोन्ही एका शब्दात सामावले. निव्वळ श्लेष म्हणून पाहिल्यास ‘परंधाम’ हे ‘सेवाग्राम’हून सरस आहे, असे आमचे मत आहे, त्यात मूळ नावाचे एक अक्षरही बदलावे लागले नाही. त्याच पवनारला म. म. वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचे प्रवरपूर मानले. मनसर येथील उत्खननानंतर काही विद्वान तो मान मनसरला देतात, आणि गावातील दंतकथा पवन नावाच्या राजाकडे बोट दाखविते. झिजलेल्या नावाचे मूळ असे वादात अडकते. रचलेल्या नावाला निदान तो वाद नाही.

वाद आहे तो अर्थाविषयी. ‘सेवाग्राम’ या समासाचा विग्रह कसा करावयाचा? ‘सेवेचे ग्राम’ असा षष्ठी तत्पुरुष घ्यावा, तर सेवा हा त्या गावाचा स्वभाव ठरतो. सेवा करणाऱ्यांचे ते गाव. ‘सेवेसाठी ग्राम’ असा चतुर्थी तत्पुरुष घ्यावा, तर ते सेवेचे क्षेत्र ठरते. बाहेरून येणाऱ्यांनी ज्याची सेवा करावयाची ते गाव. पहिल्या अर्थाने गावकरी कर्ते होतात, दुसऱ्याने ते कर्म होतात. हा भेद व्याकरणाच्या तासापुरता आहे असे कोणी समजू नये. ग्रामसुधारणेच्या नावाने या देशात आजवर जे काही झाले व जे काही राहिले, त्याचे सार या दोन विग्रहांच्या झगड्यात आहे. खेड्याला आपले हित आपण साधता येते असे मानणारा आणि खेड्याचे हित आपण करून द्यावयाचे असे मानणारा, हे दोघे एकाच नावाखाली सुखेनैव नांदू शकतात. कारण समास दोघांनाही आसरा देतो.

शिवाय ‘सेवा’ हा शब्दच निष्पाप नाही. जुन्या पत्रांत वडील मंडळींना ‘सेवेसी’ लिहून नम्रता दाखवीत, देवाची सेवा भक्तिभावाने करीत; परंतु मनुस्मृतीने सेवेच्या वृत्तीला श्वानवृत्ती म्हणून द्विजाला ती वर्ज्य सांगितली आणि शूद्राला मात्र तोच धर्म सांगितला. ज्या गावातील बहुसंख्य लोकांच्या पूर्वजांना पिढ्यानपिढ्या सेवाच करावी लागली, त्या गावाच्या नावात ‘सेवा’ हा शब्द बसवावयाचा, हे धाडसाचे काम होते. तो अपमानही ठरू शकला असता. गांधीजींनी त्या शब्दाचे ओझे सेवेकऱ्याच्या खांद्यावरून काढून सुशिक्षितांच्या खांद्यावर ठेवले, निदान तसा त्यांचा हेतू होता. आश्रमातील प्रत्येकाने झाडू हाती घ्यावा, हा त्या शब्दाचा त्यांनी केलेला अर्थ. जी वृत्ती शास्त्राने हीन ठरविली तिलाच सर्वांचे व्रत केल्याने शब्दाची जुनी प्रतिष्ठा व जुनी अप्रतिष्ठा दोन्ही उलटली. नावातील खरे काव्य आम्हाला येथे दिसते. शब्द जुनाच, त्याचे मुख मात्र वरून खाली न राहता खालून वर झाले.

गुणांबरोबर दोषही सांगितले पाहिजेत. आमचा मुख्य आक्षेप उत्तरपदाला आहे. ‘शेगाव’मध्ये केवळ ‘वा’ घालून ‘सेवागाव’ करता आले असते. ते न करता ‘ग्राम’ घेण्याची कारणे उघड आहेत. एक तर ‘वागाव’ या दोन वकारांचा जवळ आलेला नाद कानाला गोड नाही. ‘सेवाग्राम’मधील तीन दीर्घ अक्षरे गंभीरपणे पडतात. दुसरे, ‘गाव’ हा शब्द मराठी-हिंदीच्या टापूत चालणारा, तर ‘ग्राम’ बंगालपासून मलबारापर्यंत कळणारा. आणि १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघामुळे वर्ध्यात तो आधीच रुळलेला होता. परंतु या लाभाची किंमतही पडली. नव्या नावाने खेडे देशाशी बोलू लागले आणि स्वतःच्या बोलीशी थोडे परके झाले. ‘ग्राम’ हा शब्द ग्रामस्थ सहज उच्चारीत नाही. तो सभेत, ठरावात, पत्राच्या शिरोभागी शोभतो. खेड्याविषयी बोलणाऱ्यांचा तो शब्द आहे, खेड्यात बोलणाऱ्यांचा नव्हे. ज्याने आयुष्यभर लोकभाषेचा पक्ष घेतला त्याच्याच हातून ‘गाव’ गळून ‘ग्राम’ यावा, हे मनाला लागते. तसेच १९३६ पूर्वीचे जे शेगाव, ज्यात पिढ्यानपिढ्या लोक जन्मले, राबले व मेले, ते या तेजस्वी नावाच्या मागे दिसेनासे झाले. नवे नाव देणाऱ्याने जुन्या नावाचे हे ऋण विसरता कामा नये.

याहून मोठा प्रश्न अशा नावांच्या स्वभावाचाच आहे. ज्या नावाचा अर्थ लागत नाही ते क्षमाशील असते. शेगाव हे नाव कोणाकडे काही मागत नव्हते. तेथे भांडण झाले, दारू प्यायली गेली, शेजाऱ्याने शेजाऱ्याचा बांध कोरला, तरी नावाला उणेपणा येत नव्हता. ‘सेवाग्राम’ची गोष्ट तशी नाही. ते नाव उच्चारताच मागणी सुरू होते. मराठीत ‘नाव ठेवणे’ म्हणजे नामकरण आणि ‘नावे ठेवणे’ म्हणजे दोष देणे. एकवचन आणि अनेकवचन यांत एवढे अंतर का, याचे उत्तर अशा नावांच्या बाबतीत सापडते. ज्या गावाचे नाव असे ठेवावे, त्या गावाला नावे ठेवण्याचा हक्कही प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला मिळतो.

गांधीजी १९४६ च्या ऑगस्टमध्ये सेवाग्रामहून गेले ते पुन्हा परत आले नाहीत. नाव मात्र पसरत राहिले. लोहमार्गावरील जे स्थानक पूर्वी वर्धा पूर्व म्हणून ओळखले जाई ते आज सेवाग्राम आहे. मुंबई-नागपूर मार्गावरील गाडीला ते नाव आहे. १९६९ साली निघालेले वैद्यकीय महाविद्यालय आणि कस्तुरबा रुग्णालय यांच्या पत्त्यात ते आहे. फलाटावर त्याचा पुकारा होतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात सेवेचा विचार येत नाही. सामान उचलण्याचा येतो. हा नावाचा अपमान नव्हे. नाव रुळले म्हणजे त्याचा अर्थ मागे सरतोच. ‘वरदा’ म्हणताना वर मागणारे कितीसे उरले? टॉल्किन यांनी आपल्या नावांना जी झीज बुद्धिपुरस्सर दिली ती सेवाग्रामला आता काळाच्या हातून मिळू लागली आहे. एवढेच की, झीज दोन प्रकारची असते. पायरी पुष्कळ पावलांनी झिजते तशी एक, आणि भांडे कोपऱ्यात गंजून झिजते तशी दुसरी. रुग्णालयाच्या दारी खेड्यापाड्यांतून आलेला मनुष्य ‘सेवाग्रामला नेले होते’ असे सांगतो, तेव्हा होणारी झीज पहिल्या जातीची आहे. केवळ पाट्यांवर आणि भाषणांत ते नाव फिरत राहिले, तर होईल ती दुसऱ्या जातीची.

गावांची नावे बदलण्याचा काळ पुन्हा आला आहे. २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव आणि औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. त्यांपैकी धाराशिव हे जुन्या नावाचे पुनरुज्जीवन होय, इतर दोन थोर व्यक्तींची स्मारके होत. सेवाग्राम या दोन्ही वर्गांत बसत नाही. त्याने कोणतेही गतवैभव परत आणले नाही, कोणाही व्यक्तीचे स्मरण केले नाही. पूर्वीच्या नावाविषयी त्याची तक्रारही नव्हती. म्हणून तर त्याचे ध्वनी त्याने जपले. ते एक व्रत म्हणून घेतलेले नाव आहे. स्मारकाचे नाव घेणाऱ्याला अभिमान पुरतो, आणि व्रताचे नाव घेणाऱ्याला आचरण लागते. म्हणून अशी नावे फार थोडी ठेवली जातात, आणि ठेवली तर ती जपणे कठीण जाते.

रचना म्हणून आम्ही ‘सेवाग्राम’ला वरचा क्रम देऊ, त्यातील ‘ग्राम’ आम्हाला खटकतो, तरीही देऊ. अर्थाविषयीचा निकाल मात्र समीक्षकाने द्यावयाचा नाही. षष्ठी की चतुर्थी, हे पाणिनीच्या सूत्रावरून ठरणार नाही. वर्धा जिल्ह्यातील सुशिक्षित मनुष्य त्या पाच मैलांच्या रस्त्याने पाहुण्यांना आश्रम दाखविण्यासाठी जातो की काही कामासाठी जातो, यावरून ठरेल.